तीनातली एक खोटी

“सातारा! ओ सातारा! उठली का? तुझं माहेर सरकून राहिलं व!”

भंडारा जिल्ह्यातल्या, बपेऱ्याच्या अलीकडच्या त्या गावात मला येऊन आठवडाही झाला नव्हता. आमचे हे कालव्यावर चौकीदार म्हणून तिकडे बदलून गेले आणि त्यांच्यामागे मी. सातवीत शाळा सुटलेली, लग्न होईपर्यंत कऱ्हाडच्या पुढे पाऊल पडलेलं नाही. मी सातारा जिल्ह्यातली, पाटणकडची; म्हणून तिथे माझं नावच ‘सातारा’ पडलं. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लहान होते, पण घराची भिंत हलताना या डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे कुडापलीकडून कोणी पहाटेपहाटे ‘माहेर सरकून राहिलं’ म्हणून ओरडलं तर मी काय समजणार? हातातला पेला सुटला आणि मी चुलीपुढे बसून रडायलाच लागले.

कुडाला एक भगदाड होतं. त्यातून आधी छत्री आली, मग चष्मा, मग बाई.

“अवं, रडून काहून राहिली? एकटं तुझं माहेर नाही, अख्खा देश सरकून राहिला. उत्तरेकडे. आपली नखं वाढतात ना, तेवढ्या चालीनं. तिकडे हिमालयाले ढकलून राहिला, म्हनून तो अजून वाढून राहिला.”

मी डोळे पुसले. बाईंनी माझ्या टोपल्यातली भाकरी उचलली, तिचा कोर मोडून तोंडात टाकला आणि समजूत घातली, “माहेर सरकते तं सासर बी संगच सरकते. अंतर तेवढंच राहते. कायचा घोर करतं?”

त्या दिवशी मला कळलं की शेजारी विमलबाई कापगते राहतात, गावच्या शाळेत शास्त्र शिकवतात, आणि त्यांच्या पोटात नवी गोष्ट सूर्य उगवेपर्यंतसुद्धा राहत नाही.

बाई बुटक्या होत्या. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. अंबाड्यात इतर बायका फूल खोवतात, बाई खडू खोवायच्या. कुठेही काही सांगायची वेळ आली की हात मागे जायचा, खडू निघायचा आणि समोर जे असेल त्यावर चित्र सुरू व्हायचं. शाळेचा फळा, विहिरीचा काठ, माझा पाटा. एकदा आमच्या म्हशीच्या पाठीवर गुरू ग्रह आणि त्याचे चंद्र काढले होते. म्हैस तशीच तळ्यात जाऊन बसली तेव्हा बाई म्हणाल्या, “बुडाला गुरू.”

छत्री मात्र बारा महिने. पावसासाठी नव्हे. आतल्या काळ्या कापडावर त्यांनी खडूने ठिपके काढले होते. सप्तर्षी, ध्रुव, शर्मिष्ठा. पोरांना छत्रीखाली बसवायचं आणि दांडा हळूहळू फिरवायचा, की भर दुपारी आभाळ फिरायचं. पाऊस आला की बाई छत्री मिटून पदराखाली घ्यायच्या आणि स्वतः भिजत घरी यायच्या. लोक हसायचे. बाई म्हणायच्या, “मी वाळतो. तारे पुसले तं पुन्हा काढा लागतात.”

तिकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. आधी मला गंमत वाटायची. नंतर माझ्याही तोंडात बसलं ते.

नागपूरचं वर्तमानपत्र दुपारच्या एसटीने यायचं. बाई मधल्या सुट्टीत थांब्यावर जाऊन उभ्या राहायच्या आणि ड्रायव्हरच्या हातातून घ्यायच्या. शिवाय एक इंग्रजी मासिक टपालाने यायचं, तेही महिना-दीड महिना उशिरा. त्यातली बातमी बाई शिळी मानत नसत. “शनी तिथंच आहे ना? मंग शिळं कायचं?” आणि सांगायची तऱ्हा अशी, जणू ग्रहतारे म्हणजे शेजारच्या टोलीवरची, वस्तीवरची माणसं. “आयकलं का? गुरूच्या एका चंद्राच्या घरी आग लागून राहिली. ज्वालामुखी! एका बाईले दिसला. ते बिचारी तारे पाहाले फोटो न्याहाळत होती, तं चंद्राच्या कडेले धूर!” किंवा, “शनीले वाटे, पाटल्या काय त्या आपल्याच हातात. आता समजलं, युरेनस बी घालून बसला होता. बारीक आहेत म्हनून दिसल्या नाहीत.”

गावात एक गृहस्थ साडेसातीने गांजले होते. बाईंनी त्यांना रस्त्यात गाठून सांगितलं, शनी पाण्यापेक्षा हलका आहे, तेवढं मोठं तळं मिळालं तर तो त्यात तरंगेल. त्या गृहस्थांना साडेसातीपेक्षा या बातमीचा धक्का जास्त बसला. ज्याला आपण इतकी वर्षं तेल वाहिलं तो असा भोपळ्यासारखा निघावा?

पण बाईंचा खरा दरबार भरायचा मंगळवारच्या बाजारात, मासोळीच्या ओळीत. तिथे सगुणाबाई बसायची. सगुणाबाई म्हणजे ढीवर, म्हणजे तिकडच्या कोळी, बायकांची पुढारीण. तिचा नवरा दसरूभाऊ मच्छिमार सोसायटीचा अध्यक्ष होता, पण सोसायटी चालायची ती सगुणेच्या आवाजावर. नुसत्या वासावरून मासा कुठल्या तळ्याचा ते सांगायची. मासोळीच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे शेवटचा, असं गावच मानत होतं.

बाई स्वतः माळकरी. पदराने नाक दाबून त्या ओळीत उकिडव्या बसायच्या आणि म्हणायच्या, “तीन गोष्टी सांगतो. दोन खऱ्या, एक खोटी. खोटी ओळखा.”

नियम एकच. उत्तर देण्याआधी कोणीही विचारू शकतं, ‘कसं समजलं?’ आणि बाईंनी त्याचं उत्तर द्यायचंच. खोटी गोष्ट सापडली तर बाई हरल्या. मग जिंकणारीच्या टोपल्यामागे बसून त्यांनी तिचे मासे विकायचे.

एकदा म्हणाल्या, “एक. समुद्राच्या तळाशी, जिथं उन्हाचा किरण बी पोचत नाही, तिथं भेगांतून उकळतं पानी निंघते, अन् त्याच्या बाजूले मानसाएवढे लांब किडे राहतात. त्यायले तोंड नाही, पोट नाही. दोन. सापाले दूध आवडते. तीन. हा बेडूक आहे ना, गिळताना डोळे आत ओढते, डोळ्यानं घास खाली ढकलते.”

“तोंड नाही?” सगुणा ओरडली. “मंग ते भांडते कशी? खोटं! किड्याचं खोटं!”

“कसं समजलं, ते तं इचार.”

“इचारतो. कसं समजलं?”

“लोखंडाच्या गोळ्यात बसून मानसं खाली गेली. खिडकीतून पायलं.”

“लोखंड बुडते, अन् मानसं वर येतात?” सगुणेने मांगूर मासा कापता कापता विचार केला. “खोटंच.”

“हारली. सापाले दूध आवडत नाही.”

सगळी ओळ उठली. नागपंचमीला पिढ्यान्‌पिढ्या दूध ठेवणारं गाव ते. पुढचे दोन बाजार सगुणा बाईंशी बोलली नाही. तिसऱ्या मंगळवारी स्वतःच हाक मारली, “ओ मास्तरीन! सांगा तुमचं झूठ!”

बाई क्वचितच हरायच्या, पण हरल्या की बघायला अख्खा बाजार जमायचा. नाकावर पदर, हातात खडू, आणि ओरडणं वर्गातलं. “ओळीत उभे राहा! धक्काबुक्की नोको! तुझ्या मागं कोन आहे, त्याले पुढं येऊ दे!” गिऱ्हाईक हसून हसून पिशवी विसरायचं. सगुणा बाजूला पान चघळत बसायची आणि म्हणायची, “बाई, मासोळी इकून राहिले का हजेरी घेऊन राहिले?”

मी या सगळ्यात कुठे होते? टोपल्यांच्या मागे, उन्हात. मला सगळ्याची भीती वाटायची. बोलण्याची, मांगुराच्या मिशांची, म्हशीमागून तळ्यावर जाण्याची. पाण्याची तर फारच. घोट्याच्या वर पाणी आलं की मी माघारी. बायका मला ‘भेकड सातारा’ म्हणायच्या. खोटं नव्हतं ते. पण ऐकायला मला कोणी मनाई केली नव्हती, आणि भाकरी थापताना विचार करायला तर कोणीच करत नाही. असंच एका सकाळी तव्यापुढे माझ्या लक्षात आलं. बाई भगदाडातून आत येताच मी म्हटलं, “बाई, तुम्ही खोटी गोष्ट बाहेरून आणतच नाही. आम्हां सगळ्यांना आधीपासून जे खरं वाटतं, तेच खोटं म्हणून मध्ये ठेवता.”

बाईंचा हात अंबाड्याकडे गेला. मग इकडेतिकडे बघून त्यांनी ओठांवर खडू ठेवला.

“कोनाले सांगू नोको. माहं दुकान बंद होईल.”

आणि जाताना माझ्या दाराच्या चौकटीवर खडूने एक मोठी बरोबरची खूण केली. शाळा सुटल्यापासून मला मिळालेली पहिली. मी ती कितीतरी दिवस पुसू दिली नाही.

आता तळ्यावर संकट आलं त्या वर्षीची गोष्ट. तिच्याआधीच्या उन्हाळ्यात बाईंनी खेळात सांगितलं होतं, की माशाच्या डोक्यात मेंदूखाली एक बारीक गाठ असते. ती काढून, घोटून, दुसऱ्या रोहूला सुईने टोचली तर ती बंद पाण्यातही अंडी टाकते. सगुणेने तेव्हा हातातला कोयताच खाली ठेवला होता. “रोहूले नदीचा पूर पायजे. तळ्यात ते पोटात अंडी घेऊन मरते, पन टाकत नाही. हे माह्या आज्यानं सांगतलं. हे झूठ.” बाई म्हणाल्या, खरं आहे. सगुणेने ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

सोसायटीच्या तळ्यात दरवर्षी माशांची पिल्लं कलकत्त्याकडून रेल्वेने, पाण्याच्या डब्यांतून यायची. त्या पावसाळ्यात गाडी कुठेतरी अडकली आणि डबे उघडले तर आत सगळं मेलेलं. इकडे ग्रामपंचायतीने ठरवून टाकलं, पोळ्यापर्यंत तळ्यात माशांचं बीज पडलं नाही तर तळं ठेकेदाराला द्यायचं. तळं गेलं म्हणजे ढीवरांच्या चुली गेल्या. दसरूभाऊ एका दुपारी शाळेच्या पायरीशी येऊन बसला.

“बाई, ते सुईचं... खरं होतं का झूठ होतं?”

“खरं होतं गा.”

“शपथ घ्या.”

“शपथेनं मासोळी अंडी टाकते का? चाल, करून पाहू.”

पण विश्वास कोण ठेवणार? तीनात एक खोटं बोलणारी बाई म्हणून तर त्यांची ख्याती. सगुणा तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “अन् झूठ निंघालं तं?”

“तं हा खेळ बंद. अन् तुह्या पंक्तीत बसून मासोळी खातो. माळ घालून.”

हे ऐकून सगुणा तयार झाली. मला वाटतं, तळं वाचावं आणि बाईंनी मासोळीही खावी, असं दोन्ही तिला हवं होतं.

बाई भंडाऱ्याला जाऊन मासोळीखात्यातल्या एका तरुण साहेबाला घेऊन आल्या. कसं आणलं ते साहेबच सांगत होता. “मॅडम ऑफिसात छत्री उघडून बसल्या, मी हो म्हणेपर्यंत मिटलीच नाही.” त्याने तळ्याच्या कडेला चार चार बांबू रोवून मच्छरदाणीसारख्या कापडाच्या दोन पेट्या बांधल्या. त्याला हापा म्हणतात. एकेका हाप्यात रोहूची जोडी. सुई टोचायची वेळ आली आणि बघतो तर ढीवर बायका हळद घेऊन हजर. नवरानवरी म्हटल्यावर हळद नको?

“अहो, हळद नको! हे शास्त्र आहे!” साहेब ओरडला.

“शास्त्र तुमचं, लगन आमचं,” सगुणा म्हणाली.

बाईंनी तडजोड केली. हळद बांबूंना लावली. साहेबाने सुई टोचली, सगुणेने नाक मुरडलं. बाई तिला म्हणाल्या, “तिले नदीचा पूर पायजे ना? हे सुईतून पूर टोचला समज. तिच्या आंगाले वाटते, नदी आली.” साहेब शेवटच्या एसटीने परत गेला. जाताना सांगून गेला, सकाळी अंडी दिसतील, हलक्या हाताने दुसऱ्या कापडात काढा. अंडी कशी दिसतात ते त्याने सांगितलं नाही. ढीवरांना मासोळीची अंडी काय सांगायची?

इथेच घोळ झाला.

सकाळी बाईंना शाळा उघडून प्रार्थना घ्यायची होती. सगुणा काही थांबणार नव्हती. मीही पाळीवर गेले होते, लांबच उभी. सगुणेने पहिल्या हाप्यात हात घातला आणि ओंजळ वर काढली. ओंजळीत काचेचे मणी. स्वच्छ, आरपार दिसणारे, पाण्याने फुगलेले. मध्ये मध्ये काही पांढरे.

ढीवर बाईला अंडी माहीत असतात ती माशाच्या पोटातली. पिवळी, घट्ट, तव्यावर टाकण्याजोगी. अशी पाण्यासारखी तिने जन्मात पाहिली नव्हती.

“पानी झालं!” ती कळवळली. “समद्याचं पानी झालं! सडवली सुईनं!” आणि रागारागात तिने पहिला हापा सोडून सगळंच्या सगळं तळ्यात उपडं केलं. दसरूभाऊ कपाळाला हात लावून खाली बसला. सगुणा दुसऱ्या हाप्याकडे वळली.

मी कशी पाण्यात उतरले ते मला आजही सांगता येत नाही. बेडकाचे डोळे, सापाचं दूध, सगळं डोक्यात गरगरत होतं. जे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे तेच खोटं. एवढंच मला माहीत होतं. पाणी कंबरेला लागलं तेव्हा मी हाप्याचं एक टोक दोन्ही हातांनी धरलेलं होतं.

“सोड व, सातारा!”

“नाही सोडत. बाईंना येऊ द्या.”

“तुले काय समजते मासोळीतलं?”

“काही नाही. तरी सोडत नाही.”

ती ओढत होती, मी रडत होते आणि धरून होते. एवढ्यात पाळीवर सायकलची घंटी वाजली. बाई उतरल्या, त्यांनी मला पाण्यात पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग रिकामा हापा पाहिला.  चपला काढून, लुगड्यासकट पाण्यात आल्या आणि ओंजळभर मणी उचलले.

“सगुणा, तीन गोष्टी सांगतो. एक. हे काचेसारखे आहेत ते जिते आहेत. दोन. हे पांढरे झाले ते मेले. तीन. मासोळीचं सगुणेले समदं समजते. एक खोटी आहे.”

 सगुणेचं तोंड लाल झालं. मग ती दातओठ खात म्हणाली, “कसं समजलं?”

“पुस्तकात वाचलं. म्या बी पायलं नाही. तू पाह्य.”

बाईंनी तिच्या हातात पाण्याने भरलेला काचेचा पेला दिला. त्यात थोडे मणी. आणि स्वतः शाळेत गेल्या, कारण दुसऱ्या तासाला चौथीची परीक्षा होती.

सगुणा तो पेला घेऊन पाळीवर बसली. जेवली नाही. कोणी बोलायला गेलं तर हाकलून द्यायची. मी अंगावरच्या ओल्या लुगड्यात थरथरत शेजारी बसले, कारण उठायचं धाडस होत नव्हतं. ऊन कलायला लागलं तेव्हा तिने पेला डोळ्यांपुढे धरला आणि तशीच थिजली.

“सातारा,” ती अगदी हळू म्हणाली. “हाललं व.”

मण्याच्या आत एक केसाएवढी वाकडी रेघ होती. त्या रेघेने झटका दिला. थांबली. पुन्हा दिला.

शाळा सुटली तेव्हा अख्खी शाळा पाळीवर होती आणि सगुणा प्रत्येकाला पेला दाखवत होती, पण हातात कोणालाही देत नव्हती. बाई आल्या तशी ती उठली. आम्हाला वाटलं आता पाया पडणार. ती म्हणाली, “बाई, तिसरी खोटी होती. पन तुमी मासोळी खाल्ली असती तं बरं झालं असतं.”

पिल्लं आधी बाजूच्या लहान बोडीत, म्हणजे डबक्याएवढ्या तळ्यात, वाढवली आणि पोळ्याच्या आधी तळ्यात सोडली. पंचायतीची माणसं पाहायला आली. सरपंच घागरीत डोकावून म्हणाले, “याच्यात तं काही दिसून नाही राहिलं.” सगुणेने पदर खोचला. “तीन गोष्टी सांगतो, सरपंचसायेब...” पुढचं सांगायची गरज पडली नाही. सरपंच मागे सरले. तळं सोसायटीकडेच राहिलं. आणि सगुणेने उपड्या केलेल्या हाप्यातलं कोणी वाचलं का, हे कधीच कळलं नाही, पण पुढची काही वर्षं जाळ्यात मोठा रोहू आला की सगुणा त्याला निरखून विचारायची, “तू त्यातला का गा?”

आमची बदली मराठवाड्यात झाली तेव्हा शेपटीवाला तारा नुकताच येऊन गेला होता. मी आजही माहेरापासून लांबच राहते. डॉक्टर काही म्हणाले, टीव्हीवर कोणी काही सांगितलं, शेजारीण काही शपथेवर बोलली, की तोंडातून आधी ‘कसं समजलं?’ निघतं. मुलं हसतात. हसू देत.

निघायच्या दिवशी बाई थांब्यावर आल्या. वर्तमानपत्राचीच एसटी होती. ड्रायव्हरने सवयीने पेपर त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो न उघडता काखेत मारला. मी खिडकीशी बसले होते. डोळे भरून आले होते आणि नवीन गावाची भीती वाटत होती.

“तीन गोष्टी सांगतो,” बाई खिडकीखालून म्हणाल्या. “एक. तो शेपटीवाला तारा आहे ना, तो बर्फाचा, पन वरून कोळशाहून काळा. दोन. हत्ती दुरून एकमेकांशी बोलतात, आपल्याले आयकूच येत नाही इतक्या खालच्या आवाजात.” एसटी सुरू झाली. बाई शेजारून चालू लागल्या, मग पळू लागल्या. “तीन. सातारा भेकड आहे!”

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले, “कसं समजलं?”

बाई थांबल्या. धूळ उडाली होती, तरी मला स्पष्ट ऐकू आलं.

“म्या पायलं नं! कंबरभर पान्यात!”

आणि त्यांनी छत्री उघडून डोक्यावर उंच धरली. लख्ख ऊन पडलं होतं, आणि ती लहान होत दिसेनाशी होईपर्यंत फिरत होती.